गोळी एकाची, पथ्य घराचं

नेरूळच्या आमच्या घरात बीपीची गोळी घेणारी तीन माणसं आहेत: सासूबाई, यजमान आणि मी. चौथा मुलगा. तो ऐरोलीला आयटी कंपनीत रात्रपाळी करतो, त्याच्याकडे शेवटी येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि बायकांपैकी २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं तरी निघालं, नाहीतर ते गोळीवर तरी होते. म्हणजे आमच्या घराने सरासरी जरा जास्तच मनावर घेतली, पण आम्ही जगावेगळे नाही.

डॉक्टर काही महिन्यांतून एकदा, दहा मिनिटं भेटतात. बाकीचा सगळा काळ बीपी घराच्या ताब्यात असतं. आमटीत मीठ किती पडतं, रात्री टीव्ही कधी बंद होतो, गोळ्या संपत आल्या हे कुणाच्या लक्षात येतं, चालायला कोण कुणाला ओढून नेतं, हे सगळं घरात ठरतं. मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे मोजणं आणि लिहून ठेवणं ही जुनी खोड आहे. गोळ्यांचे निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत. बाकी घराने काय करायचं, ते आमच्या अनुभवातून सांगते.

१. पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटं गप्प बसा

स्टेशनचा जिना चढून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालून दवाखान्यात शिरायचं आणि लगेच दंड पुढे करायचा, यातून जो आकडा येतो तो त्या जिन्याचा आणि त्या हुज्जतीचा असतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं, कारण भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं बघावं आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे वापरावा.

सगळ्यात अवघड अट बोलायचं नाही ही. सासूबाईंना पट्टा फुगायला लागला की नेमकी गावाकडची गोष्ट आठवते, आणि बोलता बोलता आकडा पाच-दहा पॉइंट सहज वर जातो. यंत्र दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं तितकं भरवशाचं नसतं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा खोटाच वाढतो, म्हणून दुकानात दंडाचा घेर सांगून पट्टा मागावा.

दवाखान्यात १४०/९० किंवा त्यावर पुन्हा पुन्हा येत असेल, तर आपल्याकडे उच्च रक्तदाब म्हणतात. घरी निवांत मोजताना हीच रेषा १३५/८५ला धरतात. काहींचं बीपी फक्त डॉक्टरांसमोर वाढतं, तर काहींचं दवाखान्यात शहाण्यासारखं वागतं आणि घरी उसळतं. म्हणून भिंतीवर कॅलेंडर असतं तशी आमच्याकडे बीपीची वही असते. डॉक्टर आधी ती मागतात, मग आमच्याकडे बघतात. मात्र दिवसभर पट्टा बांधत बसू नये. त्या काळजीनेच आकडा वाढतो.

२. ‘मला काही होत नाहीये’ याला किंमत देऊ नका

आमच्या यजमानांचं हे आवडतं वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं, त्यांना खरोखरच काही होत नव्हतं. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. त्या काळात ते मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि डोळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांवर मुकाट्याने काम करत असतं. उलट डोकं दुखलं, चक्कर आली, मान अवघडली, की आपण लगेच ‘बीपी वाढलं’ म्हणतो. त्यामागे अपुरी झोप, पित्त, चष्म्याचा नंबर असं काहीही असू शकतं.

म्हणून आमच्या घरात दोन गोष्टींना बंदी आहे: बरं वाटतंय म्हणून गोळी गाळायची नाही आणि डोकं दुखतंय म्हणून जास्तीची घ्यायची नाही. शंका आली तर मोजायचं.

३. मिठाचा हिशेब पिशवीवर लिहा

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सगळं मिळून सपाट एक चमचा. पण स्वयंपाक करताना चमचा कोण मोजतं? मी सोपी युक्ती केली. मिठाची किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. आम्ही चार माणसं, प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. किलोभर मीठ निदान पन्नास दिवस पुरलं पाहिजे. बाहेरच्या खाण्यातलं मीठ यात धरलेलंच नाही, म्हणून खरं तर आणखी जास्त दिवस. ही तारीख घरात कुणालाही वाचता येते आणि तिच्याशी वाद घालता येत नाही.

मिठाने बीपी का वाढतं, हे नवी मुंबईकराला समजावणं सोपं आहे. आपलं शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर उभं आहे, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीची पातळी चढते, शहरातलं पावसाचं पाणी बाहेर पडू शकत नाही, ते तलावात साठतं आणि ओहोटीला निघून जातं. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्यांतलं पाणी वाढतं आणि भिंतींवरचा दाब चढतो. रोज पापड-लोणचं-फरसाण खाणाऱ्याच्या शरीरात ओहोटी येतच नाही.

मीठ कुठे लपलेलं असतं त्याची यादी आमच्या स्वयंपाकघरात तयार झाली. पापडात मीठ असतं आणि पापडखारही असतो. ढोकळ्यातला खाण्याचा सोडा आणि पोट फुगल्यावर घ्यायची फसफसणारी पावडर यांतही सोडियम असतं. पावात मीठ असतं, मग त्यात वडा घाला किंवा भाजीत बुडवा. सोलकढी आगळाची असेल तर आगळात मीठ आधीच असतं, वरून घालायचं नाही. कणीक आणि भातात मीठ घालायची सवय सोडली तर पहिल्या आठवड्यानंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

सैंधवाबद्दल एकदाच स्पष्ट सांगते. उपासाचं, गुलाबी, महागडं, कसंही असलं तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. बीपीवाल्याला त्यात सवलत नाही.

मासळीचंही तसंच. आमच्या आसपास आगरी-कोळ्यांची जुनी गावं आहेत आणि दिवाळे गावची मासळी ओळखीची आहे, त्यामुळे सुक्याशिवाय आमचं चालत नाही. बोंबील बहुधा नुसते उन्हात वाळवतात, पण बांगडा मिठात मुरवतात. खारा बांगडा आणला तर भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, कालवणात वरून मीठ न घालता करते आणि सणावारापुरताच करते.

आता बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनमधल्या ६०० गावांत जवळपास एकवीस हजार लोकांवर याची मोठी चाचणी झाली आणि २०२१मध्ये निकाल आला: असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होतं. पण मूत्रपिंड अधू असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. सासूबाईंच्या डॉक्टरांनी त्यांना हे मीठ नको म्हटलं, म्हणून ते आमच्या घरात आलं नाही. तुमच्याकडे आणण्याआधी विचारा.

४. वेगळं पातेलं चढवू नका

एका माणसासाठी आळणी आणि बाकीच्यांसाठी चमचमीत, असा बेत फार दिवस टिकत नाही. सासूबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “मला आजाऱ्यासारखं वेगळं वाढायचं नाही हं. तुम्ही जे खाल तेच मी खाईन.” त्यांचं बरोबर होतं. मग सगळ्यांचंच मीठ हळूहळू उतरवलं. लसणाची फोडणी, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, चिंच, भाजलेलं जिरं, कोकणी आमटीत तिरफळ, यांचा हात सैल सोडला. काही आठवड्यांत जीभ सरावते. मग हॉटेलातली भाजी खारट लागायला लागते.

आणि जेवताना पहारेकरी होऊ नका. लोणच्याच्या बरणीकडे हात गेला की “अहो, बीपी!” असं चारचौघांत ओरडलं, तर माणूस लोणचं कपाटामागे लपून खातो. बरणी टेबलावरून उचलून फडताळात ठेवली, तर निम्मं काम न बोलता होतं.

५. काय सोडायचं यापेक्षा काय वाढायचं ते ठरवा

अमेरिकेत १९९७ साली ‘डॅश’ नावाच्या आहाराची चाचणी प्रसिद्ध झाली. मीठ आणि वजन दोन्ही तेवढंच ठेवून फक्त भाज्या, फळं, कमी स्निग्ध दूध-दही वाढवलं आणि चरबी कमी केली. ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं होतं त्यांचा वरचा आकडा काही आठवड्यांत सरासरी ११ पॉइंटने उतरला.

हे ताट आपल्याला परकं नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, बिनमिठाचं जिरं घातलेलं ताक, जेवणानंतर केळं किंवा पेरू. बिघाड होतो तो संध्याकाळी सहा ते आठमध्ये. ऑफिसमधून येताना स्टेशनबाहेर भजी-वडे आणि घरी आल्यावर चहाबरोबर शेव. यावर घराने एकच करायचं: माणूस दारात आला की काहीतरी तयार असावं. उकडलेले शेंगदाणे, चुरमुऱ्यांची भेळ, फळाच्या फोडी. पोटात भर असली की फरसाणाच्या डब्याची आठवण होत नाही.

उपासाच्या दिवशी साबुदाणा वडे आणि बटाट्याचे वेफर्स यांनी बीपीचा उपास सुटतोच. त्या दिवशी गोळीही बंद ठेवणारे बरेच आहेत. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतल्याने कोणताही देव रागावत नाही, असं आमच्या सासूबाईंनीच मंडळात जाहीर केलं. तिथे माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

६. चालायला सोबत शोधा

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं हे सगळीकडे सांगितलेलं प्रमाण आहे. भरभर म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही इतपत. नियमित चालण्याने वरचा आकडा पाच-आठ पॉइंट उतरू शकतो आणि वजनाचा प्रत्येक किलो साधारण एक पॉइंट घेऊन जातो. आकडे लहान दिसतात, पण मीठ, ताट, चालणं, वजन यांची बेरीज केली तर एका गोळीच्या जवळ जाते.

या बाबतीत नवी मुंबईकराला बहाणा नाही. नेरूळला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आहे, वाशीला मिनी सीशोर, खारघरला सेंट्रल पार्क. हिवाळ्यापासून मेपर्यंत खाडीकाठी फ्लेमिंगो येतात, तेव्हा आळशी माणूससुद्धा ते बघायला म्हणून दोन फेऱ्या जास्त मारतो. पावसाळ्यात आम्ही इमारतीखालच्या पार्किंगमध्ये चालतो. मे महिन्यात मात्र सकाळी लवकर जावं, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी, कारण घामाने शरीरातलं पाणी आधीच उतरलेलं असतं. आणि पहिल्याच दिवशी पारसिकचा डोंगर चढायला जाऊ नये.

एकट्याने ठरवलेलं चालणं पहिल्या पावसात वाहून जातं. खाली चार बायका वाट बघत असल्या की जावंच लागतं.

७. गोळीला हार समजू नका

“एकदा लागली की सुटत नाही” या भीतीने लोक वर्षं घालवतात. गोळीचं व्यसन लागत नाही. ती बंद केल्यावर बीपी वाढतं, कारण मूळ दुखणं तिथेच असतं. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. पण ते डॉक्टरांनी करायचं.

त्रास झाला तर गोळी न सोडता सांगावं. अम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. बायका तो खोकला महिनोन् महिने धुळीच्या नावावर खपवतात. या प्रत्येकाला पर्याय आहे. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

साध्या गोळ्यांनी काम भागतं, याचा महाराष्ट्रात चांगला दाखला आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत आपण होतो, आणि आपले पहिले जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. तिथे मोठी यंत्रं नव्हती. ठरलेली साधी औषधं, त्यांचा न तुटणारा पुरवठा, गावाजवळच्या केंद्रात मोजमाप आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी, एवढंच होतं. २०२२मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

हीच चार कामं घर करू शकतं. गोळीची वेळ सकाळच्या चहाला बांधा. स्ट्रिप अर्धी झाली की नवी आणा. गणपतीला कोकणात जाताना मोदकाच्या साच्याआधी गोळ्या पिशवीत जाऊ द्या, कारण तिकडे आपल्याच कंपनीची गोळी मिळेल याची खात्री नसते.

८. झाडपाल्याला साधा समजू नका

बीपीच्या आधुनिक औषधांच्या इतिहासात एक पान मुंबईचं आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रुग्णांवर अभ्यास केला आणि १९४९ साली तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. १९५७मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येऊ लागलं, आणि पुढे जास्त सुरक्षित औषधं आल्यावर ते मागे पडलं. म्हणजे जी मुळी काम करते, ती अपायही करू शकते. मात्रा मोजल्याशिवाय दोन्ही कळत नाही.

म्हणून “हे घे, नैसर्गिक आहे, गोळी सुटेल” असं कुणी म्हणालं की आम्ही चहा पाजतो आणि विषय बदलतो. प्राणायाम करा, संथ श्वास घ्या, योगासनं करा. मन शांत होतं, आकड्यालाही थोडी मदत होते. होमिओपॅथी किंवा काढे घ्यायचे असतील तर ते डॉक्टरांना सांगून, चालू गोळी न सोडता. आणि खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर थांबा. त्याने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. गुडघ्यासाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्याही बीपी वाढवतात. औषधाच्या दुकानात “बीपी आहे” हे दोन शब्द आधी बोलावेत.

९. घोरणं आणि मिश्री यांना हसण्यावारी नेऊ नका

तीन-तीन गोळ्या घेऊनही आकडा उतरत नसेल तर घरच्यांनी रात्री कान द्यावा. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दचकून उठणं, दिवसा हार्बर लाइनच्या गाडीत उभ्याउभ्या पेंगणं, हे निद्राश्वसनरोधाचं लक्षण असू शकतं, आणि तो बीपीला वर ढकलतो. झोपलेल्या माणसाला हे कळत नाही. डॉक्टरांना शेजारी झोपणाऱ्यानेच सांगायचं असतं.

मिश्री हीसुद्धा तंबाखूच. दात घासायची म्हणून ती औषध होत नाही. दारू सोडली किंवा कमी केली तरी आकड्यात फरक दिसतो.

१०. धावपळ कधी करायची ते आधीच ठरवून ठेवा

आकडा १८०/१२०च्या वर आला, पण माणूस ठीक असेल, तर बसवा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा आणि तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मनाने जास्तीची गोळी द्यायची नाही, जिभेखाली तर नाहीच. बीपी एकदम पाडणंही मेंदूला धोक्याचं असतं. पण छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात किंवा चेहरा लुळा पडणं, बोबडं बोलणं, अचानक दिसेनासं होणं, यांपैकी काही असेल तर आकड्याची वाट न बघता १०८ला फोन. आमच्या फ्रिजवर हा नंबर, तिघांच्या गोळ्यांची नावं आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता लिहिलेला आहे.

म्हाताऱ्या माणसांचं उलटही होतं. उठून उभं राहताना बीपी पडतं आणि तोल जातो. सासूबाई रात्री उठताना आधी पलंगावर पाय सोडून बसतात, मग उभ्या राहतात.

११. तिशी ओलांडलेल्या मुलांना पट्टा बांधा

बीपी घराण्यात उतरतं. त्यावर रात्रपाळी, बाहेरचं जेवण आणि दिवसभर खुर्ची यांची भर पडते. मुलाला आकडा मोजून घे म्हणून किती सांगितलं तरी त्याला वेळ नसायचा. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांचं बीपी आणि साखर फुकट तपासतात, पण तिथवर त्याचे पाय वळत नव्हते.

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. वाढदिवसाला औक्षणाआधी पट्टा. ज्याचा वाढदिवस असेल त्याने पाटावर बसायच्या आधी खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसायचं, दोनदा मोजायचं, वहीत लिहायचं, मग ओवाळणी. मुलाचा पहिला आकडा रेषेच्या जवळ आला, तेव्हा फरसाणाचं पाकीट त्याने स्वतःच्या हाताने परत ठेवलं. आता सून येईल तेव्हा तिलाही ही रीत पाळावी लागेल, असं सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय.